जंगलाचे आयुष्य आणि रोख्याची मुदत

पाणथळ

निसर्गसंवर्धनात खासगी गुंतवणूक आणली पाहिजे, हे वाक्य गेली काही वर्षे इतक्या वेळा कानांवर पडते की, बोलणाऱ्याला त्यातून नेमके काय म्हणायचे आहे हे विचारायचे राहूनच जाते. तेच विचारण्यासाठी हा धागा काढला आहे.

आधी या पैशाचा आकार पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार निसर्गाधारित उपायांवर जगभरात वर्षाला सुमारे २०,००० कोटी डॉलर खर्च होतात. त्यांत खासगी वाटा ३,५०० कोटींचा, म्हणजे १८ टक्क्यांच्या आसपास आहे आणि बाकीचा पैसा सरकारी आहे. निसर्गाची थेट हानी करणारे उद्योग आणि अनुदाने यांच्याकडे जाणारा पैसा त्याच अहवालात वर्षाला जवळपास ७ लाख कोटी डॉलर दाखवला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे झालेल्या जैवविविधता करारात २०३० पर्यंत वर्षाला किमान २०,००० कोटी डॉलर उभे करण्याचे उद्दिष्ट ठरले आणि त्यासाठी खासगी भांडवलाला आवतण देण्यात आले. (आकडा तोच दिसत असला तरी दोन्हींची मोजणीची व्याख्या वेगळी आहे, त्यामुळे उद्दिष्ट गाठले असे कोणी समजू नये.)

आता माझी शंका. देणगीदार पैसे देतो आणि विसरतो; गुंतवणूकदार मुद्दल परत मागतो आणि वर काहीतरी अधिक मागतो. जंगल कमवत नाही असे नाही, परंतु ते आपली कमाई पाणी, माती आणि पूररोध यांच्या रूपाने सर्वांना वाटून टाकते आणि पावती कोणाच्याच नावे फाडत नाही. मग गुंतवणूकदाराचा परतावा येतो कोठून?

सेशल्सचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये या देशाने सागरसंवर्धन आणि शाश्वत मासेमारीसाठी १.५ कोटी डॉलरचे, दहा वर्षे मुदतीचे ‘निळे रोखे’ काढले. एखाद्या देशाने काढलेले अशा प्रकारचे हे पहिलेच रोखे होत. गुंतवणूकदारांना ६.५ टक्के व्याज ठरले. परंतु जागतिक बँकेने ५० लाख डॉलरची हमी दिली, जागतिक पर्यावरण सुविधा या आंतरराष्ट्रीय निधीने आणखी ५० लाखांचे सवलतीचे कर्ज दिले आणि त्यामुळे सेशल्सला पडणारे व्याज २.८ टक्क्यांच्या जवळ आले. फेड करायची ती देशाच्या तिजोरीतून. म्हणजे खासगी पैसा आला हे खरे, परंतु तो उसना आला, आणि त्याला यावेसे वाटावे म्हणून सार्वजनिक पैशाने आधी सतरंजी अंथरली.

न्यूयॉर्क शहराचे उदाहरण याहून जुने आणि मला अधिक प्रामाणिक वाटते. पाणी गाळण्याचा प्रचंड प्रकल्प उभारायचा तर ६०० ते ८०० कोटी डॉलर लागले असते. त्याऐवजी १९९७ च्या करारानुसार शहराने कॅट्सकिलच्या डोंगरातील पाणलोट क्षेत्र राखण्यावर खर्च सुरू केला: जमिनी विकत घेतल्या, शेतकऱ्यांना ओढ्याकाठी पट्टे राखण्यासाठी मदत दिली, गावांच्या सांडपाण्याच्या टाक्या दुरुस्त केल्या. हा खर्च पाणीपट्टीतून निघतो. येथे मोबदला देणारा कोण आहे आणि तो का देतो, याबद्दल कोणाच्या मनात गोंधळ नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की ‘वित्तपुरवठा’ आणि ‘मोबदला’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. वित्तपुरवठा उद्याचे पैसे आज हातात देतो. मोबदला ते पैसे अखेरीस कोणाच्या खिशातून जाणार हे सांगतो. पहिल्याची चर्चा उदंड आहे, दुसऱ्याचे नाव निघाले की सभा संपते. जाणकारांनी या विभागणीतील चुका दाखवाव्यात.

हिशेबनीस

मी रोख्यांच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत, त्यामुळे थोडी दुसरी बाजू मांडतो. आपली विभागणी बरोबर आहे, परंतु ‘उसना आला’ म्हणताना आपण काळाची किंमत फार कमी धरली आहे. निसर्गाच्या बाबतीत आज आणि दहा वर्षांनी यांत व्याजदराच्या गणिताला न पकडता येणारा फरक असतो. तोडलेले जुने जंगल दहा वर्षांनी दुप्पट पैसे घेऊन गेलात तरी परत मिळत नाही.

कॅलिफोर्नियातील ताहो राष्ट्रीय वनात २०१८ मध्ये झालेला व्यवहार पाहा. तेथे दाट वाढलेली झुडुपे आणि कोवळी झाडे विरळ केली तर वणव्याची तीव्रता घटते, हे वनखात्याला ठाऊक होते, परंतु १५,००० एकरांचे काम दरवर्षीच्या तुटपुंज्या तरतुदीतून करायचे तर दशक उलटले असते. खासगी गुंतवणूकदार आणि काही प्रतिष्ठाने यांनी मिळून ४० लाख डॉलर एकदम दिले आणि काम लगेच सुरू झाले. खालच्या अंगाला धरणे व वीजनिर्मिती सांभाळणाऱ्या युबा जलसंस्थेने पाच वर्षांत १५ लाख डॉलर देण्याचे कबूल केले, कारण वरचे डोंगर जळाले तर राख आणि गाळ तिच्याच जलाशयात येणार होता. आपल्या भाषेत मोबदला देणारा येथेही आहेच. परंतु हप्त्यांनी येणारा मोबदला एकरकमी कामात बदलणे हे वित्तपुरवठ्याचे खरे काम आहे, आणि वणवा हप्त्यांची वाट पाहत नाही.

दुसरा उपयोग जोखीम वाटून घेण्याचा. मार्च २०२२ मध्ये जागतिक बँकेने काढलेला ‘गेंडा रोखा’ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. रक्कम १५ कोटी डॉलर, मुदत पाच वर्षे, व्याज शून्य. जे व्याज गुंतवणूकदारांना मिळाले असते, त्यातील सुमारे १ कोटी डॉलर दक्षिण आफ्रिकेतील अॅडो हत्ती राष्ट्रीय उद्यान आणि ग्रेट फिश रिव्हर अभयारण्य यांच्याकडे वळवले गेले. मुदतीअखेर काळ्या गेंड्यांची संख्या कितपत वाढली हे स्वतंत्र तज्ज्ञ तपासणार आणि त्या वाढीच्या प्रमाणात जागतिक पर्यावरण सुविधा गुंतवणूकदारांना जास्तीत जास्त १ कोटी ३७.६ लाख डॉलर देणार. वाढच झाली नाही तर मुद्दल तेवढे परत. यातली खुबी अशी की संवर्धन फसले तर तोटा गुंतवणूकदाराच्या व्याजाला बसतो आणि साधले तरच अनुदानाचा पैसा सुटतो. सरकारी अनुदान एरवी निष्पत्ती न पाहताच खर्ची पडते.

एक उणीव मात्र मान्य करतो. अशा व्यवहारांत वकील, मूल्यांकन, तपासणी आणि मध्यस्थ यांचा खर्च रक्कम लहान असली तरी लहान होत नाही. दोन-चार लाख डॉलरची गरज असलेल्या ओढ्यासाठी किंवा पाणथळीसाठी रोखा काढणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

खाजणवाट

हिशेबनीस यांनी ‘स्वतंत्र तज्ज्ञ तपासणार’ हे एका वाक्यात उरकले. माझे काम त्याच वाक्याच्या आत आहे, म्हणून थोडे तपशिलात लिहिते.

वनात साठलेला कार्बन टनांत मोजून त्याची ‘क्रेडिट’, म्हणजे विकता येणारी प्रमाणपत्रे, काढतात. पण कांदळवनातील कार्बन मोजायचा म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे? ओहोटीची वेळ साधून गुडघाभर चिखलात शिरायचे आणि आखलेल्या चौकटीतील प्रत्येक झाडाला फीत लावायची. साध्या झाडाचा व्यास जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर घेतात. परंतु कांदळाला खोडातून फुटलेली कमानदार आधारमुळे असतात, त्या उंचीवर हाती लागते ते खोड नसून मुळांचा जुडगा असतो. म्हणून सर्वांत वरच्या आधारमुळाच्या वर ३० सेंटिमीटरवर फीत लावायची, आणि ते मूळ कधी छातीपाशी तर कधी डोक्याच्याही वर असते. दोन माणसांनी तेच झाड मोजले तर आकड्यात फरक पडतो. तो आकडा सूत्रात घातला की झाडाचे वजन, त्याच्या जवळपास निम्मा कार्बन, आणि अखेरीस टनांत एक नेटके पान तयार होते. ते पान मुंबईतल्या, लंडनमधल्या किंवा सिंगापूरमधल्या टेबलावर पोहोचते तेव्हा त्यावर चिखलाचा डाग नसतो. आणि कांदळवनातील बहुतांश कार्बन तर झाडांत नसून खालच्या मातीत असतो. ती मोजणी आणखी महाग.

एवढे करूनही खरा प्रश्न मोजणीचा नाहीच. प्रकल्प नसता तर हे वन तुटले असते का, हा तो प्रश्न. न घडलेली गोष्ट फितीने मोजता येत नाही. वर्षावनांच्या कार्बन क्रेडिटवर २०२३ च्या सुरुवातीला जी टीका झाली तिचा गाभा हाच होता: जंगलतोडीचा अंदाज फुगवून मांडला की ‘वाचवलेले’ टन आपोआप वाढतात.

तरीही मी निराश नाही. केनियात गाझी उपसागराकाठी ‘मिकोको पामोजा’ नावाचा प्रकल्प गावकरी स्वतः चालवतात. वन फक्त ११७ हेक्टर आहे, वर्षाला सुमारे ३,००० टनांची क्रेडिट विकली जातात, आणि त्या पैशांतून पिण्याचे पाणी व शाळा यांची कामे झाली आहेत. तो टिकण्याचे कारण माझ्या मते असे की वन राखण्याची गरज त्या लोकांना क्रेडिटच्या आधीपासून होती. मासे तेथेच वाढतात. बाजारभाव पडला तर गावाचे उत्पन्न घटेल, परंतु राखणदार सोडून जाणार नाही.

तिरकस

या सर्व कसरतीत मूळ आकडा विसरला जातो आहे. एका बाजूला ७ लाख कोटी डॉलर निसर्ग मोडायला जातात आणि दुसऱ्या बाजूला सरकारी आणि खासगी मिळून २०,००० कोटी तो सांधायला येतात. म्हणजे मोडण्यावर पस्तीस रुपये आणि सांधण्यावर एक. नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यासाठी कोणते फडके किफायतशीर, याची ही चर्चा आहे. त्याच माँट्रियल करारात हानिकारक अनुदाने २०३० पर्यंत वर्षाला ५०,००० कोटी डॉलरने कमी करण्याचे कलम आहे. त्याला गुंतवणूकदार लागत नाही, मोजणी लागत नाही, फक्त खर्च थांबवायचा आहे. ते कलम कोणत्याच परिषदेच्या जाहिरातीवर का दिसत नाही?

पाणथळ

तिरकस, ते कलम दिसत नाही कारण त्यात कोणाला दलाली नाही, हे उत्तर तुम्हालाही माहीत आहे. परंतु अनुदान थांबल्याने अभयारण्याच्या रक्षकाचा पगार होत नाही, त्यामुळे दोन्ही प्रश्न उरतातच.

हिशेबनीस, ताहोचे उदाहरण मला पटले आणि काळाच्या किमतीबद्दल माझी बाजू लंगडी होती हे मान्य करतो. गेंडा रोख्याबाबत मात्र एक प्रश्न आहे. पाच वर्षांची मुदत गेंड्याच्या आयुष्यात किती? मादी साधारण सहा-सात वर्षांची झाल्यावर पहिले पिल्लू देते, गर्भकाळ सुमारे पंधरा महिन्यांचा, आणि दोन पिल्लांत अडीच ते चार वर्षांचे अंतर. म्हणजे रोखा निघाला त्या वर्षी जन्मलेली मादी रोखा फिटेपर्यंत आईही झालेली नसते. आपण ज्या वाढीचे बक्षीस देणार, ती बव्हंशी आधीच्या दशकांतील राखणीची फळे असणार. आणि सहाव्या वर्षी शिकारी आले तर?

हिशेबनीस

प्रश्न रास्त आहे. सहाव्या वर्षासाठी त्या रोख्यात काही नाही; नवा रोखा किंवा नवे अनुदान शोधावे लागते. मुदत वाढवून पाहावी तर दुसरीच अडचण उभी राहते. कॅलिफोर्नियाच्या वनकार्बन योजनेत झाडांतील कार्बन शंभर वर्षे राखण्याची अट आहे आणि वणवे, रोग वगैरेंसाठी प्रत्येक प्रकल्पाकडून काही क्रेडिट सामाईक राखीव साठ्यात घेतली जातात. २०२२ मधील एका अभ्यासात असे दिसले की शंभर वर्षांसाठी वणव्यांच्या वाट्याला ठेवलेल्या या साठ्यापैकी किमान ९५ टक्के भाग पहिल्या दशकभरातील वणव्यांनीच संपवला असावा. विम्याचा हप्ता जुन्या हवामानावर ठरवला आणि दावे नव्या हवामानात आले.

गायरान

चर्चेत जमिनीचा मालक अजून आलाच नाही. केनियात मसाईमाराच्या कडेने मसाई कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून पर्यटन व्यावसायिकांना भाड्याने दिल्या आहेत. पर्यटक आले काय, न आले काय, हेक्टरमागे ठरलेले भाडे दरमहा कुटुंबाच्या खात्यात जमा व्हावे, अशी रचना आहे, आणि त्या मोबदल्यात तेथे कुंपणे घालायची नाहीत, शेती करायची नाही. वन्यजीवांना याचा लाभ झाला हे निर्विवाद आहे. परंतु २०२० मध्ये पर्यटन ठप्प झाले आणि भाड्याचा झराच आटला. गुंतवणूकदार आपला पैसा दहा देशांत विभागून जोखीम कमी करतो. जमीनमालकाची सगळी जमीन एकाच जागी असते आणि त्याचे सगळे उत्पन्न एकाच कराराला बांधलेले असते. त्याने ते जंगल राखले नाही तर आपण त्याला दोष देणार, मात्र जोखमीच्या तक्त्यात त्याचा रकाना कोठेच नसतो. कर्जमाफीच्या बदल्यात निसर्ग राखण्याचे करारही असेच वरच्या पातळीवर होतात. १९८७ मध्ये बोलिव्हियाशी झालेल्या अशा पहिल्या करारात साडेसहा लाख डॉलरचे कर्ज एका संस्थेने एक लाखाला विकत घेऊन माफ केले, बेनी राखीव क्षेत्राच्या संरक्षणाची हमी मिळवली, आणि त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या चिमाने लोकांचा जमिनीवरील हक्क मात्र अधांतरीच राहिला.

खाजणवाट

गायरान यांच्या मुद्द्याला जोडून गंगाजळीचा विचार मांडते. भूतानने १९९१ मध्ये पर्यावरण संवर्धनासाठी न्यासनिधी स्थापला: मुद्दल बाजारात गुंतवायचे आणि फक्त उत्पन्न खर्च करायचे. येथे जंगलाने कमवावे अशी अपेक्षाच नाही. कमवायचे ते पैशाने, आणि जंगलाने फक्त जंगल राहायचे. मला ही कल्पना रोख्यांपेक्षा सरळ वाटते. २०२५ च्या नोव्हेंबरात बेलेमच्या हवामान परिषदेत ब्राझीलने पुढे आणलेली उष्णकटिबंधीय वनांसाठीची कायमस्वरूपी सुविधा याच जातीची, परंतु अफाट मोठी आहे. लक्ष्य १२,५०० कोटी डॉलर. उभ्या जंगलाला हेक्टरमागे वर्षाला सुमारे ४ डॉलर. तोडलेल्या हेक्टरामागे कपात. आणि मिळालेल्या रकमेतील किमान २० टक्के आदिवासी व स्थानिक समुदायांना.

हिशेबनीस

त्या सुविधेची मेख समजून घ्यावी लागेल. १२,५०० कोटींपैकी २,५०० कोटी सरकारे व दानशूर संस्था यांनी द्यायचे, आणि त्यांच्या आधारावर १०,००० कोटी खासगी बाजारातून कमी व्याजाने उचलायचे. ही सारी रक्कम अधिक व्याज देणाऱ्या, मुख्यतः विकसनशील देशांच्या रोख्यांत ठेवायची. दोन व्याजांमधील फरकातून आधी खासगी गुंतवणूकदारांचे देणे भागवायचे आणि उरलेले जंगलांना. भूतानच्या निधीत मुद्दल स्वतःचे होते. येथे पाचांतील चार भाग कर्जाचे आहेत. जागतिक मंदीत विकसनशील देशांचे रोखे गडगडतात, आणि नेमक्या त्याच वर्षी त्या देशांच्या तिजोरीला जंगलाच्या ४ डॉलरची सर्वाधिक गरज असते. रांगेत शेवटी कोण उभे आहे हे पाहून ठेवावे.

पाणथळ

म्हणजे तोटा आधी सार्वजनिक पैशाने सोसायचा, नफा आधी खासगी पैशाने घ्यायचा, आणि जंगलाने उरलेले घ्यायचे. एवढ्यावरून मी ती योजना मोडीत काढणार नाही, कारण वर्षाला ४ डॉलर हे आज मिळणाऱ्या शून्यापेक्षा बरेच. परंतु दीर्घ मुदतीचा माझा प्रश्न तसाच आहे. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना जैवविविधतेत १० टक्के निव्वळ वाढ दाखवावी लागते आणि तो अधिवास ३० वर्षे राखावा लागतो. तीस वर्षे ऐकायला मोठी वाटतात. ओकच्या झाडाला तेवढ्यात धड फळेही धरत नाहीत. एकतिसाव्या वर्षाची तरतूद कोणी कोठे केल्याचे उदाहरण आहे का?

आडवाट

एक आहे, फारसे झगमगीत नाही. अमेरिकेत जमीनमालक आपल्या जमिनीवरील बांधकामाचा किंवा तोडीचा हक्क एखाद्या भूमिन्यासाला, म्हणजे जमीन राखण्यासाठी स्थापलेल्या संस्थेला, विकतो अथवा दान करतो आणि त्या बदल्यात त्याला रोख रक्कम किंवा करसवलत मिळते. जमीन त्याचीच राहते, तो ती विकू शकतो, वारसांना देऊ शकतो. परंतु हक्क सोडल्याची नोंद जमिनीच्या दस्तऐवजात कायमची होते आणि पुढच्या प्रत्येक मालकावर बंधनकारक असते. खासगी पैसा येथे एकदाच लागतो आणि कोणी परतावा मागत नाही. करसवलतीसाठी जमिनीचे मूल्य फुगवण्याचे प्रकार या मार्गातही झाले आहेत, तेव्हा हा मार्ग निर्दोष नाही.

परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर दस्तऐवजात नसून न्यासाच्या वार्षिक कामात आहे. दरवर्षी कोणीतरी नकाशा घेऊन त्या जमिनीची सीमा पायी फिरतो, गेल्या वर्षीच्या छायाचित्राच्या जागी उभा राहून नवे छायाचित्र घेतो, नवा रस्ता किंवा छप्पर दिसले तर मालकाला पत्र लिहितो आणि वेळ पडली तर न्यायालयात जातो. म्हणून जाणते न्यास हक्क स्वीकारतानाच या फेरीसाठी आणि दाव्यासाठी वेगळी गंगाजळी बाजूला काढतात. ती रक्कम पुरेशी नसेल, तर दानात आलेली सुंदर जमीनही ते नाकारतात.